हेलो ट्रॅक्शन: कण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधीचे आठवडे

कण्याचा बाक ४५-५० अंशांपुढे गेला की वाढत्या मुलांमध्ये शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. पण बाक शंभरच्या घरात असेल, कणा ताठर असेल आणि फुप्फुसं दबली असतील, तर एका दिवसात स्क्रू-सळ्यांनी तो सरळ करायला जाणं धोक्याचं. मज्जारज्जू एकदम ताणला गेला तर त्याचा रक्तपुरवठा कमी होतो, पाय लुळे पडू शकतात. म्हणून आधी साधारण तीन ते आठ आठवडे डोक्याला कडं लावून, दोरी-कप्पीवरून लटकवलेल्या वजनाने कणा हळूहळू ताणतात. हेच हेलो ट्रॅक्शन. मानेचे मणके अस्थिर असतील किंवा मज्जारज्जूवर आधीच दाब असेल, तर हा मार्ग बहुधा नको. त्यासाठी एमआरआय आधी झालेला हवा.

कडं भूल देऊन बसवतात, भुवया आणि कानांच्या किंचित वर. कडं कवटीला पिनांनी धरलेलं असतं. मोठ्या माणसाला चार पिना पुरतात. मुलांची कवटी पातळ, म्हणून सहा-आठ पिना लावून प्रत्येक कमी जोराने आवळतात. एक-दोन दिवसांनी डॉक्टर त्या पुन्हा तपासतात. घरच्यांनी पान्याला हात लावायचा नाही आणि मुलाला कड्याला धरून कधीही उठवायचं नाही.

सुरुवात दोन-तीन किलोंनी होते. सोसेल तसं रोज अर्धा-एक किलो वाढवत शरीराच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत नेतात. २४ किलोच्या मुलीला ८ ते १२ किलो. दिवसा व्हीलचेअर किंवा चौकटीचा वॉकर, रात्री पलंग आणि कमी वजन. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच हवी, कारण उलटा ताण शरीराच्याच वजनाने मिळतो. पलंग सपाट राहिला की मूल वर सरकतं आणि ताण जातो. वजन अधांतरी लटकतंय ना, दोरीची गाठ कप्पीत अडकली नाही ना, हे येता-जाता बघा. मूल रडलं म्हणून मावशी-आजी वजन हळूच खुर्चीवर टेकवून ठेवतात, असं बऱ्याच वॉर्डांत घडतं, पण तसं करू नका. दुखत असेल तर नर्सला सांगा.

नसांची तपासणी नर्स करतातच, तरी तुम्हीही शिकून घ्या. डोकं स्थिर ठेवून मुलाला पेन्सिलीमागे नजर फिरवायला सांगा. एखादा डोळा कानाकडे पूर्ण जात नसेल किंवा एकाची दोन चित्रं दिसत असतील, तर डोळ्याची नस ताणली जातेय. जीभ बाहेर काढल्यावर एका बाजूला वळते का? गिळताना ठसका लागतो का? दोन्ही मुठींचा जोर सारखा आहे का, पावलं वर-खाली होतात का, लघवी अडते का? कालच्यापेक्षा काहीही वेगळं दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. वजन वेळीच उतरवलं तर असा त्रास बहुतेक वेळा भरून येतो.

पिनांभोवती रोज सलाईनने पुसायचं, प्रत्येक पिनेला नवा कापूस. पू, वाढती लाली, पीन हलणं किंवा कट्-कट् आवाज, यांतलं काहीही दिसलं-ऐकलं तर त्याच दिवशी दाखवा. सैल पीन जंतुसंसर्गाची खूण असू शकते. नुसती आवळून दर वेळी भागत नाही.

हे आठवडे फुकट घालवायचे नसतात. तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र (स्पायरोमीटर) जागेपणी दर तासाला दहा वेळा ओढायचं. फुंकायचं नाही, ओढायचं. इथे बरीच मुलं चुकतात. बाकामुळे पोट दबलेलं असतं, म्हणून थोडं-थोडं पाच-सहा वेळा खायला द्या: अंडी, शेंगदाण्याचा लाडू, दही, पनीर. कुपोषित मुलाची जखम नीट भरत नाही. कपडे पुढून बटणांचेच.

मग मुख्य शस्त्रक्रिया: पाठीमागून मणक्यांत स्क्रू, दोन सळ्या, गरजेप्रमाणे हाड कापणं आणि मणके एकमेकांशी जुळावेत म्हणून हाडाचा चुरा. मज्जारज्जूचे विद्युत संदेश सतत मोजले जातात. ते कमी झाले तर रक्तदाब वाढवतात, ताण सोडतात, प्रसंगी सुधारणा अर्धवट ठेवतात. शंभर अंशांचे पन्नास झाले आणि पाय शाबूत राहिले, तर ती शस्त्रक्रिया यशस्वी समजा. सळ्या कणा तात्पुरता धरून ठेवतात. खरा आधार जुळलेल्या हाडाचा, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर वाकून ओझं उचलणं, उड्या, मारामारीचे खेळ बंद. वर्ष-दोन वर्षांनी पाठीत एकाच जागी नवं दुखणं सुरू झालं तर एक्स-रे काढा: हाड जुळलं नसेल तर सळी थकून तुटते.