जहाज तेच, कटऑफ वेगळा: हापाग-लॉइडची वाढ बडोद्याच्या टेबलावरून

एसआय (मालाच्या कागदांसाठी जहाज कंपनीला द्यायच्या सूचना), व्हीजीएम (भरलेल्या डब्याचं पडताळलेलं एकूण वजन), फॉर्म 13 (डबा बंदराच्या गेटातून आत नेण्याचा कागद) हे शब्द कानावरून गेलेले आहेत असं धरून चालूया. मकरपुऱ्यातल्या इंजिनीअरिंग कारखान्यात, नंदेसरीच्या केमिकलवाल्याकडे किंवा एखाद्या फॉरवर्डरकडे (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याकडे) डॉक्युमेंटेशनला लागलात की लवकरच एक बुकिंग हातात येतं. वर नाव हापाग-लॉइड या जर्मन जहाज कंपनीचं, आत जहाज मात्र मर्स्क या दुसऱ्याच कंपनीचं. घाबरू नका, चूक झालेली नाही. पण हातातला महिना पाण्यात घालवणारी चूक इथूनच सुरू होते, म्हणून हे सविस्तर.

कंपनीचा इतिहास वाचा म्हटलं की नव्या मुलांना तो परीक्षेपुरता वाटतो. आपल्या कामात तो रोज लागतो. हाम्बुर्गची हापाग 1847 ची, ब्रेमेनची नॉर्डडॉयचर लॉइड 1857 ची. अमेरिकेला निघालेल्या स्थलांतरितांवर दोघी मोठ्या झाल्या, दोन्ही महायुद्धांत दोघींनी जहाजं गमावली आणि दोन्ही वेळा नव्याने उभ्या राहिल्या. 1968 मध्ये अटलांटिकवर कंटेनरसेवा त्यांनी मिळूनच काढली, कारण खास जहाजं, हजारो डबे (कंटेनर) आणि टर्मिनल हा खर्च एकटीच्या आवाक्यातला नव्हता. 1970 मध्ये एकत्रच होऊन हापाग-लॉइड झाल्या. पुढची वाढ त्याच वाटेने झाली: 2005 मध्ये सीपी शिप्स, 2014 मध्ये चिलीच्या सीएसएव्हीचा कंटेनर व्यवसाय, 2017 मध्ये युनायटेड अरब शिपिंग कंपनी, 2021 मध्ये आफ्रिकेच्या मार्गावरची नाइलडच. मोठ्या जहाजात दर डब्यामागचा खर्च उतरतो, पण जहाज भरलं तरच. दक्षिण अमेरिका, आखात, आफ्रिका इथला माल ज्यांच्या हातात आधीच होता त्यांना सामावून घेणं हा भरण्याचा जवळचा मार्ग होता.

फेब्रुवारी 2025 मध्ये मर्स्कबरोबर सुरू झालेलं ‘जेमिनी’ मात्र विलीनीकरण नाही. जहाजं आणि वेळापत्रक दोघांचं मिळून; दर, बुकिंग, बीएल (माल जहाजावर घेतल्याचा कंपनीचा दस्तऐवज) आणि ग्राहक ज्याचे त्याचे. हे वाक्य दोनदा वाचा, कारण सापळा त्यातच आहे.

एकाच जहाजावर दोन लाइनी (जहाज कंपन्या) जागा विकतात तेव्हा दोघींचा व्हॉयेज नंबर (जहाजाच्या फेरीचा क्रमांक) वेगळा असू शकतो. एसआय कटऑफ आणि व्हीजीएम कटऑफ (ते देण्याची शेवटची वेळ) तर प्रत्येक लाइन आपापला ठरवते. नवा माणूस काय करतो? बुकिंगवरचं जहाजाचं नाव उचलतो, इंटरनेटवर शोधतो, जहाज चालवणाऱ्या लाइनचं वेळापत्रक समोर येतं आणि तिथला व्हॉयेज नंबर एसआयमध्ये उतरवतो. कटऑफही तिथलाच धरतो. नाव बरोबर असल्यामुळे तपासणाऱ्यालाही शंका येत नाही. मग फॉर्म 13 अडतो, किंवा एसआय सहा तास उशिरा पोचते, आणि हजिऱ्याच्या नाहीतर मुंद्र्याच्या गेटवर ट्रेलर उभा राहतो. डबा पुढच्या जहाजावर ढकलला जातो. एलसीमधली (बँकेच्या पतपत्रातली) शिपमेंटची शेवटची तारीख मात्र पुढे सरकत नाही.

म्हणून व्हॉयेज, टर्मिनल आणि तिन्ही कटऑफ (एसआय, व्हीजीएम, गेट-इन) फक्त आपल्या बीएलच्या लाइनच्या बुकिंग कन्फर्मेशनमधूनच घ्या. जहाज बदलल्याची मेल आली की पाचही गोष्टी पुन्हा पाहा, नुसतं नाव बदलून थांबू नका. माल आयसीडीतून (बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोतून) रेल्वेने जाणार असेल तर तिथला कटऑफ बंदराच्या बराच आधी असतो. तो वेगळा विचारा. जुनी एसआय उघडून नव्या नावाने सेव्ह करायची सवय लावूच नका. वाचलेली दहा मिनिटं अमेंडमेंटच्या (दुरुस्तीच्या) फीमध्ये जातात, आणि पार्टीसमोर मान खाली जाते ती वेगळीच.

शिकायचंच असेल तर सेल्सवाल्याला गुरू करू नका. ऑफिसात बीएल अमेंडमेंटची फाईल जी व्यक्ती सांभाळते तिच्या शेजारी खुर्ची टाका. कुठे काय तुटतं हे तिला पाठ असतं.

जेमिनीत हब बंदरांवर भर आहे. सलालाह, तांजियर, रॉटरडॅम, विल्हेल्म्सहाफेन अशा ठिकाणी डबा उतरून दुसऱ्या जहाजावर चढतो. एलसीवर ‘ट्रान्सशिपमेंटला मनाई’ (म्हणजे वाटेत जहाज बदलायला मनाई) वाचून छातीत धस्स होतं, पण धीर धरा. यूसीपी 600 च्या (एलसीबाबतच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या) कलम 20 प्रमाणे माल कंटेनरमध्ये गेल्याचं बीएलवर दिसत असेल आणि संपूर्ण प्रवास एकाच बीएलखाली असेल, तर ट्रान्सशिपमेंट दाखवणारा बीएल चालतो. एलसीने हे कलम वगळलेलं नाही ना, एवढं तपासा. आणि जहाजाच्या वयाचं किंवा क्लासचं सर्टिफिकेट मागितलं असेल तर ते बीएल देणाऱ्या लाइनकडे किंवा तिच्या एजंटकडे मागा. जहाज चालवणारी दुसरी लाइन तुम्हाला ओळखतसुद्धा नाही.

डब्याचंही तसंच. एचएलएक्सयू, एचएलबीयू या अक्षरांनी नंबर सुरू होणारे डबे हापाग-लॉइडचे, पण यूएसीयूने सुरू होणारा डबाही आता तिचाच; तो युनायटेड अरबबरोबर आला. भाड्याच्या डब्यावर भाडेकंपनीची अक्षरं असतात. त्यामुळे अक्षरं बघून ‘चुकीचा डबा आला’ म्हणून परत पाठवू नका. रिलीज ऑर्डरशी नंबर जुळवा, शेवटच्या चौकटीतल्या अंकासकट. वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेल्या डब्यांचं रिकामं वजनही वेगळं असतं. व्हीजीएम बेरजेने काढताना टेअर (हे रिकामं वजन) दारावरून वाचायचा, मागच्या फाईलमधून नाही. समजा माल 18,640 किलो, पॅलेट 480, लाकूड-पट्टे 35, दारावर टेअर 2,220, व्हीजीएम 21,375. स्टफिंगच्या (माल भरण्याच्या) वेळी डबा बदलला तर ही बेरीज रद्द. नवा नंबर, नवा टेअर, नवं सील, आणि तिन्ही एकाच मेलमध्ये कळवा.

आयातीत रिकामा डबा परत करताना रंगावर जाऊ नका. डिलिव्हरी ऑर्डरवर ज्या डेपोचं नाव आहे तिथेच जायचं. फ्री डेज (डबा विनाशुल्क ठेवायचे दिवस) आपल्या बीएलच्या लाइनचेच मोजले जातात, आणि डेपोने परत पाठवलेला ट्रेलर रस्त्यावर असतानाही डिटेन्शनचा (डबा उशिरा परत केल्याच्या आकाराचा) दिवस चालूच असतो. ट्रान्सपोर्टरला गाडी सोडण्याआधी डेपोचं नाव आणि ऑर्डरची मुदत फोनवर वाचून दाखवा, आणि डेपोची पावती आली की तिचा फोटो त्याच दिवशी बीएलच्या फाईलला लावा.