लाकडाच्या स्टोव्हची आच कशी सांभाळायची

पहिलं काम, स्टोव्हच्या धुराच्या पाइपला चिकटणारा चुंबकवाला थर्मामीटर आणा. पाइप सिंगल वॉल, म्हणजे एकाच पत्र्याचा असेल तर स्टोव्हच्या वर साधारण ४५ सेंटीमीटरवर लावा, डबल वॉलला, म्हणजे दुहेरी पत्र्याच्या पाइपला हा चालत नाही, त्याला आत घुसणारा प्रोबवाला लागतो. सिंगल वॉलवर काटा १२० ते २४० अंश सेल्सिअसमधे असला की बिनधास्त. १२०च्या खाली रेंगाळला की धूर नीट जळत नाही आणि त्यातलं डांबर चिमणीला आतून चिकटत जातं, चिमणीला आग लागते ती ह्याच डांबराला.

आता लोक दिवसभर हवेची लिव्हर खालीवर करत बसतात, पण खरं सांगायचं तर अर्धी आच लाकूड आत टाकतानाच ठरते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, आणि तो मीटरने बाहेरून नाही तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजायचा. जळताना टोकातून फेस येऊन चुर्र वाजलं तर समजा लाकूड ओलं आहे, मग लिव्हर कितीही फिरवा, काटा वर जायचा नाही. उलट वाळक्या बारीक फाटी एकदम कोंबल्या की सगळ्यांचा गॅस एकाच वेळी सुटतो आणि स्टोव्ह भडकतो, त्यापेक्षा दोनतीन जाड ओंडके बरे.

पेटवताना जाड लाकूड खाली, काटक्या वर आणि काडी वरूनच लावायची, धूर कमी होतो. हवा पूर्ण उघडी. ओंडके सगळीकडून काळे पडले आणि काटा २००च्या आसपास आला की लिव्हर थोडी बंद करा, पाचदहा मिनिटं थांबा, मग अजून थोडी. ज्वाळा मंदावून काच काळी पडायला लागली तर जास्त बंद झाली, परत उघडा. रात्रभर टिकावं म्हणून हवा पार आवळून धुमसत ठेवणं तर अजिबात नको.

काटा २६०च्या वर चालला तर हवा कमी करा, दार किंवा राखेचा ट्रे उघडू नका, त्याने उलट जास्त हवा मिळते. चिमणीत घरघर, गर्जना ऐकू आली तर हवा पूर्ण बंद, सगळे घराबाहेर आणि लगेच अग्निशमन दलाला फोन. आणि हो, काटा कितीही छान असला तरी खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहिजेच.