पेशी वाढवायला शिकताना: प्राणिपेशी संवर्धनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलताना जाणवते, की त्यांतील अनेकांना जनुक-संपादन, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेली अवयवांची छोटी त्रिमितीय प्रतिरूपे) किंवा कार-टी पेशी (कर्करोगावर हल्ला करण्यासाठी जनुक बदललेल्या रुग्णाच्या टी-पेशी) यांवर काम करायचे असते. ही ओढ स्वाभाविक आहे. मात्र हे तिन्ही विषय ज्या कामावर उभे आहेत, त्या प्राणिपेशी संवर्धनाकडे, म्हणजे प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याकडे, केवळ सरावाचे हातकाम म्हणून पाहिले जाते, हे मला पटत नाही. पुण्यात आधी संशोधन प्रयोगशाळेत आणि नंतर जैवऔषधे बनवणाऱ्या कंपनीत हेच काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की आपल्या फ्लास्कमध्ये नेमक्या कोणत्या पेशी आहेत, त्या कोठून आल्या आणि त्या शुद्ध आहेत का, याची खात्री ज्याला देता येते त्याच्याच निष्कर्षांना या क्षेत्रात किंमत असते.

हे शिकण्यासाठी पुण्यासारखे शहर नाही. येथील नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था १९८६ मध्ये प्राणी-ऊती व पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झाली आणि देशभरातील प्रयोगशाळांना ती आजही सेल लाइन (प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवता येणारा एकाच मूळच्या पेशींचा वंश) पुरवते. पुण्यातीलच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला करोना विषाणू व्हेरो पेशींमध्ये वाढवूनच कोव्हॅक्सिन तयार झाली. व्हेरो ही आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात तयार झालेली सेल लाइन. जिवंत प्राण्याऐवजी पेशींमध्ये विषाणू वाढवण्याचा फायदा आपल्याकडे रेबीजच्या लशीत सर्वांत स्पष्ट दिसतो. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी जुनी लस वेदनादायक होती आणि क्वचित मज्जासंस्थेवर गंभीर दुष्परिणामही करीत असे. भारतात २००४ च्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले आणि तिची जागा पेशी-संवर्धनातून बनणाऱ्या लशींनी घेतली.

सुरुवातीच्या काळात निर्जंतुक हवेच्या हूडसमोर बसून निर्जंतुक पद्धतीने काम करण्याची सवय लावणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे. ३७ अंश सेल्सिअस तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, पोषक माध्यमात सहसा १० टक्के सीरम (प्राण्यांच्या रक्तातून मिळणारा द्रव), हे आकडे कोणीही पाठ करील. त्यामागील कारण समजून घेणे अधिक मोलाचे आहे. इन्क्युबेटरमधील कार्बन डायऑक्साइड माध्यमातील बायकार्बोनेटशी संतुलन साधून पीएच ७.४ च्या आसपास राखतो, म्हणून फ्लास्क बराच वेळ बाहेर राहिला की माध्यमातील फिनॉल रेड या दर्शकाचा लाल रंग जांभळट गुलाबीकडे झुकतो. पेशी दाट होऊन आम्ल साचले, किंवा जिवाणूंचा शिरकाव झाला, की तोच रंग पिवळा पडतो. रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहाव्यात आणि आकार, दाटी, तरंगणाऱ्या पेशी यांची नोंद करावी. पेशींचे नेहमीचे रूप डोळ्यांत बसले, की बिघाडाची चाहूल चाचणीच्या आधी लागते.

एका बिघाडाची चाहूल मात्र डोळ्यांना लागत नाही, आणि नवोदितांनी सर्वाधिक सावध राहावे ते त्याविषयीच. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूंना पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. ते ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतात आणि माध्यम गढूळ करीत नाहीत. पेशी जगतात, वाढतातही, पण त्यांचा चयापचय आणि जनुकांची अभिव्यक्ती बदललेली असते, आणि त्यावर आधारलेले निष्कर्ष निरर्थक ठरतात. म्हणून बाहेरून आलेली प्रत्येक सेल लाइन, ती कितीही विश्वासू मित्राने दिलेली असो, पीसीआर किंवा डीएनए-रंजकाची चाचणी होईपर्यंत वेगळी ठेवावी. नेहमीच्या संवर्धनात प्रतिजैविके टाकत राहण्याच्या मी विरोधात आहे, कारण त्यांमुळे सौम्य संसर्ग झाकला जातो आणि हाताची शिस्तही ढिली पडते.

ओळखीचा प्रश्न याहूनही जुना आहे. १९५१ मध्ये बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून, त्यांची संमती न घेता, मिळालेल्या हीला पेशी ही अखंड वाढत राहणारी पहिली मानवी सेल लाइन ठरली. ती इतकी जोमदार होती, की शेजारच्या फ्लास्कमध्ये तिच्या मोजक्या पेशी गेल्या तरी काही पासेजनंतर (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांनंतर) मूळ पेशींचा मागमूस उरत नसे. वेगवेगळ्या ऊतींच्या म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हीलाच असल्याचे १९६६ मध्ये स्टॅन्ले गार्टलर यांनी एका विकराच्या प्रकारावरून दाखवून दिले, तेव्हा अनेक संशोधकांना ते मान्य करणे जड गेले. आज मानवी पेशींसाठी एसटीआर प्रोफाइलिंगची, म्हणजे डीएनएतील पुनरावृत्त तुकड्यांवरून पेशींची ओळख पटवण्याची, चाचणी सहज उपलब्ध आहे आणि अनेक नियतकालिके ती मागतात. प्रबंधाचे काम सुरू करण्यापूर्वीच ती करून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

कंपनीत गेल्यावर हाच आग्रह कायद्याच्या भाषेत भेटतो. तेथे काम बहुधा चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून आलेल्या सीएचओ पेशींवर चालते. थिओडोर पक यांनी १९५० च्या दशकात संशोधनासाठी वाढवलेल्या या पेशी आज प्रतिपिंड-औषधांच्या उत्पादनाचा कणा आहेत. सस्तन प्राण्यांच्या पेशींतून बनलेले पहिले पुनःसंयोजित (बाहेरून जनुक घालून बनवून घेतलेले) प्रथिन-औषध, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवणारे टीपीए, अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झाले ते याच पेशींच्या बळावर. त्या काळी एका लिटर माध्यमातून काही दहा मिलिग्रॅम प्रथिन मिळे. आज काही ग्रॅम मिळतात. ही वाढ एका मोठ्या शोधाने झालेली नाही. अधिक उत्पादन देणाऱ्या क्लोनची (एकाच पेशीपासून वाढलेल्या समूहाची) निवड, सीरमविरहित आणि घटक निश्चित असलेली माध्यमे, पेशींना टप्प्याटप्प्याने पोषण देण्याची फेड-बॅच पद्धत आणि एकदा वापरून टाकून देण्याच्या पिशव्यांचे बायोरिॲक्टर (पेशी वाढवण्याची मोठी पात्रे) अशा अनेक सुधारणांची ती बेरीज आहे. नवोदिताला येथे मास्टर सेल बँक (गोठवलेल्या मूळ कुप्यांचा साठा), वर्किंग सेल बँक (त्यातून उत्पादनासाठी तयार केलेला साठा), पासेज क्रमांक आणि बॅच रेकॉर्ड यांत बराच वेळ घालवावा लागतो. हे कारकुनी काम वाटू शकते, पण रुग्णाच्या शिरेत जाणाऱ्या औषधाचा माग काही वर्षांनंतरही मूळ कुपीपर्यंत काढता येतो तो या नोंदींमुळेच.

या नोंदींचे महत्त्व सर्वांत तीव्रतेने जाणवते ते कार-टी उपचारात. आयआयटी मुंबईतील संशोधनातून उभ्या राहिलेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळालेल्या नेक्सकार१९ या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत विषाणू-वाहकाद्वारे नवे जनुक घालून, त्या वाढवून पुन्हा रुग्णाला देतात. येथे मास्टर सेल बँक नसते. प्रत्येक बॅच म्हणजे एक रुग्ण असतो. अनेक केमोथेरपी झालेल्या त्याच्या पेशी आधीच थकलेल्या असू शकतात, आणि बॅच दूषित झाली तर पुन्हा पेशी काढण्याइतका वेळ त्याच्याकडे असेलच असे नाही.

ऑर्गनॉइड आणि ऑर्गन-चिप (अवयवाचे काम नकलणारी, पेशी वाढवलेली छोटी चिप) यांकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठीही काळ अनुकूल आहे. औषधांच्या पूर्वपरीक्षणात प्राण्यांऐवजी अशा पद्धती स्वीकारण्याची वाट अमेरिकेने डिसेंबर २०२२ च्या कायद्याने आणि भारताने २०२३ च्या नियमदुरुस्तीने मोकळी केली. मात्र त्रिमितीय संवर्धनात एका तुकडीचे परिणाम दुसऱ्या तुकडीशी जुळवणे कठीण असते, त्यामुळे साध्या द्विमितीय पेशींवर हात बसल्यानंतरच त्यात उतरावे.

मुलाखतीला येणाऱ्यांना मी सहसा कोणता फ्लास्क वापरला किंवा कोणत्या कंपनीचे सीरम होते, हे विचारत नाही. तुमच्या पेशी किती पासेजच्या होत्या, मायकोप्लाझ्मा चाचणी शेवटची कधी झाली आणि गोठवलेल्या कुप्या कोठे ठेवल्या आहेत, हे विचारते. म्हणून नवी सेल लाइन हाती आली, की वर सांगितलेल्या चाचण्या निर्दोष निघताच, पहिला प्रयोग करण्यापूर्वी, कमी पासेजच्या काही कुप्या १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारा द्रव) असलेल्या माध्यमात मिनिटाला सुमारे एक अंश या गतीने गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्यात. त्यावर नाव, पासेज क्रमांक आणि तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहावी आणि शक्य असल्यास निम्म्या कुप्या दुसऱ्या टाकीत हलवाव्यात.