बारवेचं वय दगडाला विचारू नका

सासवडच्या बाजूच्या एका गावात बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघायला गेले, तर पायऱ्यांवरच वाद पेटलेला. एक काका म्हणत पांडवकालीन, दुसरे म्हणत हेमाडपंती. मी पुण्यात तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. दगडाचं वय विचाराल तर सुमारे साडेसहा कोटी वर्षं, कारण हा काळा पाषाण त्या काळच्या लाव्ह्याचा आहे. पाथरवटाची छिन्नी त्यावर कधी चालली, ते मात्र या आकड्यातून कळत नाही.

तेव्हा दगड सोडा आणि सांधे बघा. आधी परवानगी घ्या. वास्तू संरक्षित असेल तर केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय नखानेसुद्धा खरवडू नका.

सांध्यात चुना असेल तर नशीब चांगलं. भिजवलेला चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, म्हणून रेडिओकार्बनने, म्हणजे ठरावीक वेगाने घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून, त्याची तारीख काढता येते. पण भट्टीत नीट न भाजलेला चुनखडीचा खडा त्यात राहिला असेल, तर वय भलतंच जास्त येतं. यापेक्षा मला कोळसा आवडतो. भिंग लावून बघा: पांढऱ्या चुन्यात तिळाएवढा काळा ठिपका दिसतो, तो भट्टीतल्या लाकडाचा. बारीक काटकीचा असेल तर उत्तम. मोठ्या खोडाचा गाभा बांधकामाच्या आधीच शंभर वर्षांचा असू शकतो.

वरवरचा चुना घेऊ नका, दरजा नंतरच्या डागडुजीत भरलेल्या असतात. हात खोल जाईल तिथून घ्या, आधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि नमुना अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये बांधा. माझा पहिला नमुना मी कापसात गुंडाळला होता. कापूस म्हणजे आजचाच कार्बन, त्याचे तंतू कोळशाला चिकटले आणि सगळी मेहनत वाया गेली. त्याची हळहळ अजून आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. यादवकालीन की शिवकालीन, हा वाद रेडिओकार्बन सोडवू शकतो, कारण मधे तीन-चारशे वर्षं आहेत. शिवकालीन की पेशवेकालीन, हे मात्र त्याला सहसा जमत नाही. साधारण 1650 नंतर वातावरणातल्या रेडिओकार्बनचं प्रमाण असं वरखाली झालं, की एकाच नमुन्याला 1670ही जुळतं आणि 1790ही. त्या वादासाठी प्रयोगशाळेत पैसे घालू नका. मोडी वाचणारं माणूस गाठा आणि पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर धुंडाळा. तिथे चुन्याच्या खर्चाची एखादी नोंद सापडली, तर ती शंभर चाचण्यांना भारी.

सासवडकडच्या त्या बारवेत चुना नव्हताच, दगडावर दगड कोरडे बसवलेले. अशा वेळी पायाच्या दगडाखालची माती बघतात. वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं, ते प्रकाश-दीप्ती पद्धतीने मोजता येतं. त्यासाठी सहसा क्वार्ट्झ, म्हणजे गारेचं खनिज, वापरतात आणि आपल्या काळ्या दगडात तो फार कमी, म्हणून तिथल्या ओढ्याच्या वाळूत तो पुरेसा आहे का, हे आधी तपासायचं. मग तज्ज्ञ काळं कापड धरून लोखंडी नळी मातीत ठोकतात आणि दोन्ही टोकं लगेच बंद करतात. टॉर्चचा झोत पडला तरी नमुना बाद.

दोन्ही काकांनी परवानगीच्या अर्जावर सह्या केल्यात. ओढ्याची वाळू बघायला येत्या रविवारी आम्ही तिघं जाणार आहोत.