गोबरगॅस बांधायचाय? आधी आठवडाभर शेण मोजा

गोबरगॅससाठी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मिस्तरी, खर्च किती येईल?" मी उलट विचारतो, "मालक, शेण किती पडतं?" जनावरं किती ते सगळे पटकन सांगतात. शेणाचा आकडा कुणाकडेच नसतो.

मी गवंडी आहे. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ, माढा, मंगळवेढा, सांगोला या पट्ट्यात काम करतो. बंद पडलेली टाकी दुरुस्तीला म्हणून दाखवतात आणि आत बघावं तर बऱ्याचदा कुठं तडा नसतो. टाकी उपाशी असते. दोन म्हशींच्या घरी चार घनमीटरची, म्हणजे दिवसाला चार घनमीटर गॅस देण्याच्या मापाची टाकी बांधलेली असते, कारण मोठी टाकी म्हणजे जास्त गॅस असा हिशोब कुणीतरी डोक्यात भरवलेला असतो. गॅस टाकीच्या मापाने तयार होत नाही, रोज आत जाणाऱ्या शेणाच्या मापाने होतो.

म्हणून सकाळी गोठा झाडताना जे शेण निघेल ते घमेल्यात भरा, ताणकाट्याला लावा आणि आकडा भिंतीवर लिहा. असं आठ दिवस करा. चरायला गेलेल्या जनावराचं शेण रानात पडतं, ते धरायचं नाही. खिल्लार बैल दिवसभर औताला असतील तर त्यांचंही निम्मंच धरा. दावणीला बांधलेली गाय दिवसाला साधारण १० किलो देते, म्हैस १२ ते १५ किलो. आपली पंढरपुरी म्हैस अंगाने हलकी असते, तिचा आकडा काट्यावर जो दिसेल तोच खरा.

आता हिशोब. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो, म्हणजे एक घनमीटरला रोज २५ किलो शेण लागतं. स्वयंपाकाला माणशी पाव घनमीटर धरतात. घरात पाच-सहा माणसं आणि दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी असेल तर २ घनमीटरची टाकी योग्य. तिला रोज ५० किलो शेण, म्हणजे दावणीची चार-पाच जनावरं हवीत. तुमचा आकडा ३० वर थांबत असेल तर १ घनमीटरची बांधा. ती रोज पेटेल.

पैशात सांगायचं तर एक घनमीटर गोबरगॅस साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतकं काम करतो. २ घनमीटरची टाकी पोटभर चालली तर महिन्याला १४.२ किलोच्या पावणेदोन सिलिंडरचं काम होतं. उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि शेगडी घरोघरी पोचली, पण भरलेल्या सिलिंडरला रोख लागते. रोजगारावर जगणाऱ्या घरात महिन्याच्या शेवटी ती रोख नसते. मग बाई पुन्हा वेड्या बाभळीच्या काट्यात शिरते, मोळी डोक्यावर आणते आणि चुलीपुढं फुंकणी घेऊन बसते. घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजही दोनशे कोटींच्या आसपास माणसं लाकूड, गवऱ्या, कोळसा, रॉकेल यांवरच रांधतात. माझ्या आईचे डोळे याच धुरात गेले, म्हणून हे काम मला गवंडीकामाच्या वरचं वाटतं.

मोठ्या योजनाही आपण पाहिल्या. मोगली एरंडाच्या तेलावर डिझेल काढायचं म्हणून माळरानावर लागवडी झाल्या. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळायचं लक्ष्य होतं. ते झाड पाण्यावाचून जगतं हे खरं, पण पाण्यावाचून भरपूर बी देत नाही. आणि बी आलं तरी शेतकऱ्याने ते विकायचं आणि डिझेल विकतच घ्यायचं. गोठ्यातून निघालेलं इंधन स्वतःच्या चुलीपर्यंत येतं तेव्हा मधे कुणी नसतो. गरिबाच्या घरात पैसा टिकवायचा तर मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

जागा आणि काळी माती

मी बांधतो ते दीनबंधू पद्धतीचं. 'अॅफप्रो' या संस्थेने १९८४ साली ती पद्धत आणली. सगळं काम विटांचं आणि जमिनीखाली. खादी ग्रामोद्योगच्या जुन्या टाक्यांवर लोखंडी तरंगती टोपी असते, ती गंजते. दीनबंधूत गंजण्यासारखं काही नाही, फक्त गॅस साठतो तो वरचा घुमट नीट झाला पाहिजे.

जागा गोठ्याजवळ आणि दिवसभर उन्हात हवी. स्वयंपाकघर १०-१५ मीटरच्या आत असावं. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर किमान १५ मीटर लांब असावा. वड, पिंपळ, उंबर जवळ नको, मुळं भिंतीत शिरतात.

आता आपल्या भागाची खरी अडचण. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. घुमटाभोवती तीच माती परत भरली तर ती दोन-तीन वर्षांत घुमट ढकलते आणि केसाएवढा तडा पडतो. गॅसला तेवढा पुरतो. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. मुरूम खोल असेल तर तळाला मुरूम टाकून, पाणी मारून धुम्मस करून घ्या. घुमटाच्या चारी बाजूंनी किमान हातभर जाडीचा मुरूम वीत-वीत थरांनी भरा, प्रत्येक थर ठोका. निघालेली काळी माती शेतात नेऊन टाका. मालक इथं मुरमाची एक खेप वाचवायला बघतात. मी ऐकत नाही.

गवंडी प्रशिक्षण घेतलेलाच बोलवा, पण तुम्हीही उभं राहून काही गोष्टी बघा. दोन विटा एकमेकींवर मारल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत. वाळू मुठीत दाबून सोडली की तळहाताला माती चिकटता कामा नये. घुमट सेंटरिंगशिवाय उभा राहतो. मधल्या खुंटीला दोरी बांधून प्रत्येक वीट त्या दोरीच्या मापाने बसवायची, दोरी ढिली पडली की घुमट बसका होतो. आतून गिलाव्याचे थर आणि वर सिमेंटची घोटाई, गॅस साठतो त्या भागावर रंग. वीट गॅस अडवत नाही, गिलावा अडवतो. घोटाईच्या दिवशी गवंड्याला घाई करू नका, त्याला चहा जास्त द्या. सोलापूरच्या उन्हात गिलावा तासाभरात ओढायला लागतो, म्हणून ओलं बारदान टाकून दोन आठवडे पाणी मारत राहा.

मग चाचणी घ्या. टाकी पाण्याने भरून दोन-तीन दिवस ठेवा, गिलावा पाणी पिऊन घेतो. नंतर गॅसचा कॉक बंद करून आणखी पाणी सोडा. अडकलेली हवा दबते आणि बाहेरच्या कुंडीत पाणी चढतं. तिथं कोळशाने रेघ मारा. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेपासून बोट-दोन बोटं खाली असेल तर ठीक, वीतभर उतरलं असेल तर गवंड्याचा शेवटचा हप्ता थांबवा. मी माझ्या मालकांना हेच सांगतो.

अनुदानासाठी पंचायत समितीच्या कृषी विभागात खड्डा खणण्याआधी जा. रक्कम बदलत असते, चालू वर्षाची तिथंच विचारा. मंजुरी हातात आल्यावर काम सुरू करा.

पहिली भरणी

माघ-फाल्गुनात भरणी करावी. टाकीतल्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते आणि उन्हाळ्यात ती फुकट मिळते. २ घनमीटरच्या टाकीला पहिल्या भरणीला सुमारे दोन टन शेण लागतं, म्हणून महिना-सव्वा महिना आधीपासून सावलीत ओलं साठवा. त्या काळात गवऱ्या थापू नका. चालू असलेल्या एखाद्या गोबरगॅसची रबडी, म्हणजे टाकीतून बाहेर येणारा शेणाचा काला, दहा-बारा बादल्या आणून टाकली की काम लवकर सुरू होतं. इरजणाशिवाय दही लागत नाही, तसंच हे.

दोन-तीन आठवड्यांत गॅस येतो, पण पहिला गॅस पेटत नाही. त्यात हवा आणि कर्बवायू जास्त असतो. तो मोकळ्या जागी सोडून द्या, दोन-तीनदा सोडा. टाकीजवळच्या नळीला काडी लावून बघायचं नाही. पेटवायचं ते फक्त शेगडीवर.

रोजचं काम अर्ध्या तासाचं आहे. शेण कालवायच्या कुंडीचं बूच लावा, शेण टाका, तेवढंच पाणी घाला आणि हाताने गुठळ्या फोडा. काठीने ढवळून गुठळी फुटत नाही, ती बोटांनीच दाबावी लागते. कडब्याच्या काड्या वर तरंगतात, त्या काढून टाका, नाहीतर आत त्यांची साय धरते आणि गॅस अडतो. पाच मिनिटं थांबा, खडे-माती तळाशी बसू द्या, मग बूच काढा आणि शेवटचा बोटभर गाळ आत जाऊ देऊ नका. ही पाच मिनिटं जी घरं पाळतात त्यांच्या टाक्या वर्षानुवर्षं उपसाव्या लागत नाहीत.

"पाणी कुठनं आणायचं, दादा?" सांगोल्याकडच्या एका आक्कांनी मला विचारलं होतं, आणि टँकरच्या गावात हा प्रश्न खराच आहे. ५० किलो शेणाला ५० लिटर पाणी. त्यात गोमूत्र चालतं, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, आणि बाहेर आलेल्या रबडीचं वरचं पातळ पाणी निम्म्यापर्यंत परत वापरता येतं. साबणाचं आणि फिनेलचं पाणी एक थेंबही नको, जिवाणू मरतात. त्या आक्का गोठ्याला उतार काढून मूत्र थेट कुंडीत घेतात. मार्च-एप्रिलमध्येही त्यांची शेगडी चालू असते.

शेगडी गोबरगॅसचीच घ्या. सिलिंडरच्या शेगडीचं भोक बारीक असतं, त्यावर ज्योत धरत नाही. ज्योत निळी आणि बर्नरला टेकलेली हवी. पिवळी पडली तर हवेची चकती थोडी उघडा, उडी मारत असेल तर मिटवा. भाकरीला तवा आधी चांगला तापू द्या, मग आच कमी करून भाकरी टाका, पाणी फिरवा, उलटा, आणि शेवटी आच पूर्ण सोडा. फुगते. ज्योत फुरफुरत असेल तर नळीत पाणी साठलंय. म्हणूनच नळी टाकीकडे उताराने टाकायची आणि सगळ्यात सखल जागी पाणी काढायचा नळ बसवायचा. सांधे महिन्यातून एकदा साबणाच्या फेसाने तपासा.

रबडीचं मोल

गॅस ही निम्मी कमाई. बाहेर येणाऱ्या रबडीला वास कमी, माश्या कमी, आणि तणाचं बीही उकिरड्याच्या खतापेक्षा कमी. उन्हात उघडी ठेवली तर नत्र उडून जातं, म्हणून दोन खड्डे करा, वर पाचटाची सावली करा. एक भरेपर्यंत दुसरा मुरतो. ऊसवाल्यांनी पाचट पेटवू नये, रबडीचा थर आणि पाचटाचा थर असं रचावं. डाळिंबवाले ती आळ्यात देतात, ज्वारीवाले पेरणीआधी. शेणाच्या गवऱ्या जाळल्या की आच मिळते आणि खत राखेत जातं. टाकीतून दोन्ही मिळतं. शौचालय जोडलं असेल तर रबडी सहा महिने मुरवून मगच वापरा, पालेभाजीला नको, आणि शौचालयात अॅसिड ओतू नका.

जनावर नसलेल्या घरांना मी टाकी बांधून देत नाही, ती चालणार नाही. त्यांच्यासाठी पुण्याच्या आरती संस्थेने दोन चांगल्या वाटा दाखवल्या. उरलेलं पिठूळ अन्न आणि खराब धान्य यांवर चालणारी छोटी टाकी ही एक, आणि उसाच्या पाचटाचा कोळसा ही दुसरी. पहिलीला २००६ साली आणि दुसरीला २००२ साली अॅश्डेन पुरस्कार मिळाला. पाचट बंद पिंपात तापवायचं, निघालेल्या कोळशाच्या भुग्यात पिठाची खळ मिसळायची, कांड्या पाडून वाळवायच्या. आपल्या जिल्ह्यात ऊस एवढा आणि पाचट फडातच जळतं. बचत गटांनी हे मनावर घेतलं तर तोडणीनंतर हाताला काम मिळेल. कांड्या मात्र बंद खोलीत पेटवू नका, कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि वासही देत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाकीत कधीही उतरू नका. उपसल्यावरही नाही, "दोनच मिनिटं" म्हणूनही नाही. आत प्राणवायू नसतो, माणूस हाक मारायच्या आत पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. कंदील सोडून हवा बघायची जुनी रीत इथं जीवघेणी आहे, गॅस पेट घेतो. साय फोडायची तर वरून लांब बांबूने फोडा. गाळ काढायचा तर मड-पंपाने किंवा दोरीच्या बादलीने, बाहेर उभं राहून. स्वयंपाकघरात सडक्या अंड्यासारखा वास आला तर कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका. टाकीचं तोंड लहान मुलाला उचलता येणार नाही अशा जड फरशीने झाका आणि रबडीच्या खड्ड्याला कुंपण घाला.