सात टाइल्स आणि मराठी कान

डोंबिवलीला आमच्या मजल्यावर बँकेतून रिटायर झालेले एक काका राहायचे. बारावीच्या सुट्टीत त्यांनी मला स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर लावून इंग्रजी शब्द करायचा खेळ, खेळायला बसवलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या रॅकवर (टाइल्स ठेवायच्या पट्टीवर) ए, ई, आय, एन, आर, एस आणि टी अशा सात टाइल्स आल्या. पाच मिनिटं डोकं खाजवून मी सहा अक्षरी 'ट्रेन्स' लावला आणि स्वतःवर खूश झालो. काकांनी माझ्याकडे उरलेल्या 'ई'कडे बोट दाखवलं. "अरे, 'रिटेन्स' होत होता की! साताचे सात आणि वर पन्नास."

सातही टाइल्स एका खेळीत संपवल्या की पन्नास गुण जादा मिळतात, त्याला बिंगो म्हणतात. मग काकांनी त्याच सात टाइल्स फिरवून नॅस्टिअर, रेटिनाज, स्टेनर, ॲन्टसिअर, रेट्सिना आणि स्टिअरिन काढून दाखवले. (रेट्सिना ही ग्रीसमधली राळेच्या चवीची वाइन. चाखायची गरज नाही, स्पेलिंग पुरे.) हे शब्द जरा मोठ्याने म्हणून बघा. कानाला वाटतच नाही की सगळ्यांचा माल एकच आहे.

आपली अडचण इथेच सुरू होते. 'रामाला भाला मारा' उलटं वाचलं तरी तेच राहतं, कारण आपण 'मा' किंवा 'ला' अख्खा उचलतो, काना अक्षराला धरूनच असतो. इंग्रजीत स्वर सुटे पडतात. 'ए' आज 'टी'शेजारी, उद्या 'आर'शेजारी, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा उच्चार वेगळा. माझी शाळा मराठी माध्यमाची, शब्द डोक्यात बसले ते आवाजाने. एकदा बोर्डावरचं एक अक्षर धरून मी आठ अक्षरी 'सेपरेट' लावला आणि बिंगो झाला म्हणून उठून उभाच राहिलो. काकांनी शांतपणे चॅलेंज केलं. 'पी'नंतर मी 'ई' लावला होता, तिथे 'ए' हवा. सगळ्या टाइल्स परत रॅकवर, खेळी वाया.

नायजेल रिचर्ड्स या न्यूझीलंडच्या खेळाडूने 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद जिंकलं, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. हे वाचून मला फार बरं वाटलं.

तर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी काय करावं? आधी टाइल्स हलवा. नुसतं टक लावून बघत बसलात तर पहिला सुचलेला शब्दच पुन्हा पुन्हा दिसत राहतो. शेपट्या बाजूला काढा: आय-एन-जी, ई-डी, आय-ई-आर, ई-एस-टी. उरलेल्या चारपाच अक्षरांकडे बघणं सोपं जातं. सुरुवातीला आर-ई किंवा यू-एन लागतंय का तेही बघा. 'एस' जपून वापरा, शंभर टाइल्समध्ये तो फक्त चारदा येतो.

पाठांतरासाठी कार्डं करा. एका बाजूला अक्षरं वर्णक्रमाने लावून लिहायची, याला अल्फाग्राम म्हणतात. मागे त्यांतून होणारे सगळे शब्द. रोज वीस कार्डं पुरतात, पण मागची बाजू आधी बघायची नाही. मी सुरुवातीचे दोन महिने नुसत्या याद्या वाचल्या आणि बोर्डासमोर एक शब्द आठवेना.

पुढची पायरी म्हणजे बोर्डावरचं आठवं अक्षर. वरच्या सात अक्षरांत 'सी' मिळाला तर कॅनिस्टर, 'जी' मिळाला तर अँग्रिएस्ट, 'एम' मिळाला तर मिनरेट्स, 'पी' मिळाला तर पेंटर्स. रॅकवर सात अक्षरी शब्द असतो पण बोर्डावर त्याला जागा नसते, असं दर दोनतीन डावांनी होतं. तेव्हा हेच कामाला येतं.

'क्यू' हा नवख्यांचा जुना शत्रू. दहा गुणांचा मोह, म्हणून 'यू'ची वाट बघत अर्धा डाव तो सांभाळायचा आणि शेवटी तो रॅकवरच राहून दहा गुण कापले जायचे. मी हे कितीदा केलंय! 'यू'शिवायचे शब्द पाठ करा. क्यू आणि आय मिळून 'ची' (चिनी विचारातली प्राणशक्ती) होतो, तो सगळ्यात उपयोगी. बाकीचे बरेचसे ओळखीचेच निघतात: फकीर, कव्वाली, तलाक, निकाब. ते इंग्रजी शब्दकोशात 'क्यू' घेऊन बसलेत.

दोन अक्षरी शब्द मात्र सरळ घोका. कॉलिन्स या शब्दकोशाच्या 2019 च्या स्क्रॅबल यादीत ते 127 आहेत.

कॉम्प्युटरचं शिक्षण घेणाऱ्यांसाठी यात आणखी एक गंमत आहे. दिलेल्या अक्षरांतून शब्द शोधणारा माझा पहिला प्रोग्रॅम अक्षरांच्या सगळ्या जुळण्या करून बघायचा. सात अक्षरांच्या 5,040, आठांच्या 40,320. दहा अक्षरं दिली तर छत्तीस लाखांच्या वर, म्हणजे मशिन धापा टाकायला लागायचं. उत्तर काकांच्या कार्डांवरच होतं. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाचा अल्फाग्राम एकदाच करून ठेवायचा आणि एकाच अल्फाग्रामचे शब्द एका कप्प्यात टाकायचे. मग कितीही अक्षरं द्या, ती क्रमाने लावून थेट तो कप्पा उघडायचा. पुढे नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्ये नेमका हाच प्रश्न आला. मी उत्तर देताना मनात टाइल्स हलवत होतो.

मधे लिहिलेल्या दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये एक चूकही होती. अक्षर आहे की नाही एवढंच तो बघायचा, किती आहेत ते मोजायचाच नाही. त्यामुळे एकच 'ई' दिला असतानाही त्याने मला ऐटीत 'ट्रेनीज' काढून दिला. त्यात दोन 'ई' लागतात. मोजणी घालायला विसरू नका.

काकांना मी पहिल्यांदा हरवलं तो डाव अजून आठवतो. बोर्डावर त्यांनी लावलेला 'गूस' होता आणि माझ्याकडे एम, ओ, एन. मी ते तीन त्याच्या आधी लावले, 'मॉन्गूस' झाला. काकांनी चष्मा वर केला. "अरे, हे तर आपलंच मुंगूस!" खरंच होतं, इंग्रजीतला मुंगूस मराठीतूनच गेलेला. हंस पोटात घेऊन बसला होता, इतकंच. अकरा गुण मिळाले.