ओव्हरक्लॉक करताय? चिपसेट थंड कसा ठेवायचा, आणि मुळात तापतंय काय ते आधी बघा

मे आला की पुण्यातल्या ओव्हरक्लॉकवाल्यांची, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणाऱ्यांची, तीच रड असते, जानेवारीत लोण्यासारखा चालणारा पीसी आता गेममध्ये मधेच अडकतो, यूएसबी आपोआप डिसकनेक्ट होतं वगैरे. कारण साधं आहे, हीटसिंक (चिपवरची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली २० डिग्रीला असताना चिपसेट (मदरबोर्डवरची, प्रोसेसरला यूएसबी, डिस्क वगैरे जोडणारी चिप) ५५ दाखवत असेल तर खोली ३६ ला गेल्यावर तो ७१ च्या आसपास जाणारच. म्हणून आकडा लिहून ठेवताना नुसता ५५ लिहू नका, खोलीपेक्षा ३५ ने जास्त असं लिहा, तरच पुढे कशाने फरक पडला ते कळेल.

आता तुमचा बोर्ड कुठल्या जमान्यातला आहे ते बघा, कारण सगळा खेळ त्यावर आहे. कोअर २ च्या काळातल्या बोर्डांवर मेमरी कंट्रोलर नॉर्थब्रिजमध्ये, म्हणजे चिपसेटच्या मुख्य चिपमध्ये असायचा, एफएसबी (प्रोसेसर आणि नॉर्थब्रिजला जोडणाऱ्या बसचा वेग) वाढवला की नॉर्थब्रिजवर थेट ताण यायचा आणि वर व्होल्टेजही द्यावं लागायचं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १.२५ चं १.४० केलं की तेवढ्यानेच साधारण २५ टक्के जास्त. तिथे चिपसेटला चांगलं कूलिंग लागतंच. पण नंतर मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच गेला आणि आता मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) वाढवला तर चिपसेटला त्याचा पत्ताही नसतो. इंटेल झेड६९० चा चिपसेट जेमतेम ६ वॅटचा आहे राव, त्यावर भलामोठा कूलर बसवून काय करणार! २०१९ चा एएमडी एक्स५७० मात्र ११ वॅटच्या घरातला, म्हणून तर बहुतेक कंपन्यांनी त्यावर छोटा फॅन दिला, आणि तोच फॅन धुळीने जाम होतो. वाघोली, हिंजवडीकडे बांधकामं चालू असलेल्या भागात राहत असाल तर आधी फक्त तो साफ करून बघा.

मोजायचं कसं? नवीन बोर्डावर एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम टाका, त्यात पीसीएच किंवा चिपसेट नावाने आकडा दिसतो. जुन्या बोर्डावर सेन्सरच नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो चुकीचा, कमी आकडा दाखवतो, त्यामुळे हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. तेही नसेल तर बोट. हीटसिंकवर बोट दोन-चार सेकंदही टिकत नसेल तर ६० च्या पुढे गेलाय समजा.

चिप आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट बदलायची असेल तर वायर काढा, पॉवर बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या, मग बोर्ड बाहेर. हीटसिंकच्या पुशपिना मागून नोजप्लायरने दाबून काढायच्या. जुनी पेस्ट दगड झालेली असते, हेअर ड्रायरने थोडं गरम करा आणि हळूच पिळत सोडवा, खाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं अजिबात नाही, बोर्डवरच्या ट्रेस गेल्या की बोर्ड गेला. जुनी पेस्ट पुसायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि नवी पेस्ट दोन्ही तापकीर गल्लीत शोधा, एखाद्या दुकानात नसलं तर शेजारचा देतो. चिपसेटची डाय (आतला सिलिकॉनचा तुकडा) उघडी असते, हीटसिंक बसवताना एका कोपऱ्यावर जोर आला तर टवका उडतो, म्हणून समोरासमोरच्या पिना आळीपाळीने दाबा.

मूळ जागी पेस्टऐवजी पॅड असेल तर त्याच जाडीचाच पॅड आणा, १ मिमीच्या जागी १.५ घातला की हीटसिंक तिरका बसतो आणि आधीपेक्षा वाईट हाल. पेस्टऐवजी लिक्विड मेटलच्या नादाला लागू नका, त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं.

एवढं करूनही तापत असेल तर हवा द्या. स्टॉक कूलर खाली फुंकतो, तेव्हा आजूबाजूच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारा भाग) आणि नॉर्थब्रिजला फुकटात वारा मिळतो, टॉवर कूलर किंवा एआयओ (तयार वॉटर कूलर) लावला की तो बंद, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. ४० मिमीचा फॅन झिपटायने हीटसिंकवर बांधता येतो पण तो डासासारखा गुणगुणतो, रात्री घरचे ओरडतील. त्यापेक्षा केसच्या तळाला किंवा बाजूला १२० मिमीचा फॅन कमी आरपीएमवर लावा, ग्राफिक्स कार्डाखाली अडकलेली गरम हवाही हलते.

टेस्ट करताना नुसतं प्राइम९५ (प्रोसेसरवर ताण देणारा प्रोग्रॅम) चालवून चिपसेटचं काहीच कळत नाही. चिपसेटला जोडलेल्या एनव्हीएमई एसएसडीवर मोठी फाइल कॉपी लावा, सोबत गेम चालू ठेवा आणि अर्ध्या तासाने आकडा बघा. तो ठीक असेल आणि तरीही पीसी अडकत असेल तर व्हीआरएमच्या हीटसिंककडे वळा, नव्या बोर्डावर बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.